सैन्यातून बाहेर पडल्यावर चिमणी स्वीप व्हावं का? (ब्रिटन)

खंदक
नमस्कार मंडळी. मी ब्रिटिश आर्मीत, रॉयल इंजिनिअर्समध्ये आहे. बारा वर्षं पुरी होत आली आणि बाहेर पडायची नोटीस दिली आहे. वर्षभरात अंगावरचा गणवेश उतरेल. सुटणाऱ्यांच्या वाटा साधारण ठरलेल्या असतात: जड वाहनं चालवणं, सिक्युरिटी, रेल्वे, बांधकामावर सुपरवायझर. यातलं काहीच मनापासून करावंसं वाटत नाही.

मला घरांच्या चिमण्या, म्हणजे शेकोटीची धुराडी, साफ करायचं काम शिकायचं आहे. ते करणाऱ्याला इथे स्वीप म्हणतात. गंमत म्हणून म्हणत नाहीये, बरेच महिने डोक्यात आहे. हाताचं काम, स्वतःची व्हॅन, रोज नवीन घर, वर कोणी साहेब नाही, आणि संध्याकाळी मुलांजवळ. बायकोचा अर्धा होकार आहे. आईवडिलांना फोनवर सांगितलं तर बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "फौजेतून येऊन काजळी झाडणार?"

प्रश्न असे: यात संसार चालतो का? लाकूड-कोळसा जाळण्यावर बंधनं येतायत, तर पुढची वीस वर्षं हा धंदा राहील का? शरीराचं काय? आणि आर्मीकडून शिक्षणाला मिळणारे पैसे यासाठी वापरता येतात का? ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. कौतुक नको, खरं सांगा.

पावशेर
वाचतोय. आमच्या घरी दरवर्षी स्वीप येतो आणि त्याची डायरी आमच्या डॉक्टरपेक्षा जास्त भरलेली असते. सप्टेंबरमध्ये फोन केला तर नोव्हेंबरची तारीख मिळते.

टोपीकर
खंदक, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. इंजिनिअर्समध्ये बारा वर्षं म्हणजे माणसं हाताळली, साधनसामग्री हाताळली, वेळेत कामं उरकली. बांधकाम कंपन्या अशा माणसाला हसत हसत घेतात. एवढा अनुभव गाठीशी असताना हातात ब्रश का घ्यायचा? पाच वर्षांनी परत फिरावंसं वाटलं तर वय आणि अनुभव दोन्ही हातचे गेलेले असतील.

धूमकेतू
खंदकभाऊ, मी उत्तर इंग्लंडमध्ये हेच काम करतो. त्याआधी नेव्हीत होतो. सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं स्वीप म्हणजे काळं तोंड आणि छपरावर चढलेला माणूस. मी छपरावर क्वचितच जातो. जवळजवळ सगळं काम खालून, दिवाणखान्यातून होतं. आधी बाहेर उभं राहून चिमणीकडे बघायचं: पॉट, म्हणजे चिमणीच्या टोकावरचं नळकांडं, धड आहे का, विटांमध्ये भेग आहे का, वर काटक्या दिसतायत का. मग आत येऊन चादरी पसरायच्या, शेकोटीचं तोंड कापडाने बंद करायचं, व्हॅक्यूम लावायचा आणि छोट्या फटीतून ब्रश वर सारायचा. एकेक रॉड जोडत जायचं. जुन्या पद्धतीचे आट्यांचे रॉड असतील तर ढकलताना आणि ओढतानाही ते कायम उजवीकडे फिरवायचे. डावीकडे फिरले की जोड सुटतो आणि ब्रश चिमणीत अर्ध्यावर अडकून बसतो. तो काढायला कधीकधी भिंत फोडावी लागते. ब्रश पॉटमधून बाहेर आला की हाताला एकदम हलकं लागतं. तेव्हा मी घरातल्या लहान मुलांना अंगणात पाठवतो ब्रश बघायला. ते ओरडले की काम पोचलं.

स्टोव्ह असेल तर आतली वरची पाटी, बॅफल म्हणतात ती, काढावी लागते. ती न काढता वरवर झाडून जाणारे महाभाग आहेत. त्या पाटीवर साठलेली काजळी धुराची वाट बंद करते आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. त्याला वास नाही, रंग नाही.

म्हणून म्हणतो, काम मुळात ब्रशचं नाही, तपासणीचं आहे. झाडून झालं की धुराची गोळी पेटवून बघायचं की धूर सगळा वर जातो ना, वरच्या खोलीत किंवा शेजाऱ्यांकडे तर झिरपत नाही ना. मग सर्टिफिकेट लिहायचं. बऱ्याच विमा कंपन्या आगीचा दावा आला की तो कागद मागतात. त्यावर तुझी सही असते. सॅपर, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर, माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

निवृत्त_सुभेदार
सॅपर म्हणजे आमच्याच गोतातले. मी बॉम्बे सॅपर्सचा, खडकीचा. आमच्याकडे सुटताना पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात, तरी निम्मी पोरं शेवटी कुठल्यातरी गेटवर शिट्टी घेऊन उभी राहतात. त्या कामाला कमी लेखत नाही. पण वीस वर्षं जबाबदारी पेललेल्या माणसाला बारा तास नुसतं उभं केलं की तो आतून वाळतो, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या कामात डोकं आणि हात दोन्ही लागतात. वडिलांना वेळ द्या. ते कामाला नाही, लोकांच्या तोंडाला घाबरतायत.

मेधा_ताई
सुभेदारकाका, अगदी नेमकं बोललात.

खंदक, तुझ्या बाबांच्या गप्प बसण्यात आपला सगळा समाज बसलेला आहे. सफाईचं काम म्हटलं की ते कोणी करायचं हे आपल्याकडे जन्मावरून ठरत आलं आणि ते करणाऱ्याला माणूस म्हणून वागवलं गेलं नाही. आपण विलायतेत आलो तरी ती उतरंड मनातून उतरलेली नसते. घरी येणाऱ्या प्लंबरला आपण चहा देतो आणि आपला मुलगा प्लंबर होतो म्हणाला की हादरतो. मला याचा फार त्रास होतो. म्हणून सांगते, हे काम निवडलंस तर लपवू नकोस. लग्नकार्यात कोणी विचारलं तर "स्वतःचा व्यवसाय आहे" असं गुळमुळीत न बोलता नाव घेऊन सांग.

गंमत म्हणजे ब्रिटनमध्ये लग्नाच्या दिवशी स्वीप दिसणं शुभ मानतात. नवरीला शुभेच्छा द्यायला काही स्वीप मुद्दाम बोलावले जातात, त्याचे पैसेही घेतात.

पण याच देशाने या धंद्यात केलेलं पापही माहीत असावं. चार-पाच वर्षांची पोरं नऊ इंच रुंदीच्या चिमण्यांत चढवली जायची. १७८८ मध्ये कायदा केला की आठ वर्षांखालचं मूल घ्यायचं नाही. कोणी पाळला नाही. १८३४, १८४०, १८६४, एकामागून एक कायदे आले. १८२८ च्या सुमारास जोसेफ ग्लासने जोडकाठ्यांचा ब्रश बनवला होता, म्हणजे मुलांची गरजही संपली होती, तरी ती चढतच राहिली. १८७५ मध्ये जॉर्ज ब्रूस्टर नावाचा अकरा वर्षांचा मुलगा केंब्रिजशायरमधल्या एका इस्पितळाची चिमणी साफ करताना अडकला. भिंत फोडून बाहेर काढला पण वाचला नाही. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरींनी नवा कायदा आणला आणि स्वीपला पोलिसांकडून परवाना सक्तीचा झाला, तेव्हा कुठे हे थांबलं. आज तू रॉड जोडून खालून काम करशील ते या मुलांच्या जिवावर.

रानवारा
ताई, हे वाचून काटा आला. अकरा वर्षं.

डॉ_अवनी
शरीराबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मी व्यवसायजन्य आजारांवर काम करते.

मेधाताईंनी सांगितलेल्या त्याच मुलांमुळे वैद्यकशास्त्रात एक मोठी गोष्ट कळली. १७७५ मध्ये लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी लिहिलं की स्वीप लोकांना अंडकोषाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचं मूळ काजळीत आहे. एखाद्या धंद्याचा कर्करोगाशी संबंध दाखवणारं हे अगदी सुरुवातीचं निरीक्षण. आजही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत स्वीपच्या कामातली काजळी पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत. स्वीडनमधल्या स्वीप कामगारांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे, तिथेही काही कर्करोग आणि हृदयविकार जास्त दिसले.

घाबरवत नाहीये. जुन्या लोकांच्या आणि तुमच्या कामात फरक आहे, पण तो फरक तुम्ही रोज पाळलात तरच आहे. बारीक धूळ अडवणारा एफएफपी ३ दर्जाचा मास्क, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसतो का याची रीतसर चाचणी. हातमोजे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, मुलांना उचलून घ्यायच्या आधी अंघोळ. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर, नाहीतर बारीक काजळी मागून खोलीत परत. आणि दाढी चालणार नाही. केसांतून मास्कची कड सुटते.

टिवल्याबावल्या
अरेरे! आर्मीने २०२४ मध्ये कुठे एकदाची दाढीला परवानगी दिली, आणि बाहेर पडून पहिलं काम काय, तर दाढी उतरवा.

खंदक
टिवल्या, माझी दाढी जेमतेम वाढली होती 😄 बायको खूश झाली हे वाचून.

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. कपड्यांचं लक्षात नव्हतं. व्हॅनमध्येच बदलायची सोय करावी लागेल.

टोपीकर, राग नाही. तुम्ही म्हणता तो रस्ता मोकळा आहे, एका कंपनीने विचारलंही. पण तिथे पुन्हा सहा महिने या गावात, सहा महिने त्या गावात. मुलगी सात वर्षांची झाली, त्यातला किती काळ मी घरी होतो हे मला माहीत आहे.

स्वच्छश्वास
कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. माझ्या मुलाला दमा आहे. आमच्या गल्लीत तीन घरांत लाकडाचे स्टोव्ह आहेत आणि थंडीत संध्याकाळी खिडकी उघडता येत नाही. ब्रिटनमधल्या पीएम २.५, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिबारीक धुळीचा मोठा वाटा घरगुती लाकूड जाळण्यातून येतो. १९५२ च्या धुरक्याने लंडनमध्ये हजारो माणसं गेली, मग १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला, आणि सत्तर वर्षांनी आपण "उबदार वातावरण" म्हणून पुन्हा तेच जाळतोय. तुम्ही ज्या धंद्यात जाताय तो माझ्या दृष्टीने संपायला हवा. तुम्ही वाईट माणूस आहात असं नाही, पण वीस वर्षांची योजना यावर करू नका.

धूमकेतू
स्वच्छश्वास, तुमच्या मुलाबद्दल वाईट वाटलं, आणि तुमचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. फक्त दुसरी बाजू मांडतो.

गल्लीभर धूर कुठून येतो? ओल्या लाकडातून, आणि रात्री झोपताना हवा बंद करून ओंडका धुमसत ठेवायच्या सवयीतून. तसं केलं की धूर थंड होतो आणि नळीत डांबर धरतो. काळं, चकचकीत, काचेसारखं कडक. साधा ब्रश त्याला ओरखडाही काढत नाही. ते पेटलं की चिमणीला आग लागते आणि आवाज असा येतो की घरावरून विमान चाललंय. अशा घरात मी ओलावा मोजायचं यंत्र काढतो, गिऱ्हाइकासमोर त्याचाच ओंडका फोडतो आणि आतल्या बाजूला टोचून आकडा दाखवतो. वीस टक्क्यांच्या खाली हवा, निघतो पस्तीस. त्या माणसाला त्याच्या दिवाणखान्यात उभं राहून हे सांगणारा वर्षातून एकदा येणारा मीच असतो. सरकारचा माणूस येत नाही.

इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून ओलं लाकूड छोट्या गठ्ठ्यांत विकायला बंदी आली, मे २०२३ पासून घरगुती कोळशाची विक्री बंद झाली, आणि २०२२ पासून नवे स्टोव्ह इकोडिझाइनच्या, म्हणजे कमी धुराच्या, निकषातले लागतात. स्टोव्ह उद्या बंद होतील असं मला दिसत नाही. २०२२ मध्ये गॅस आणि विजेचे भाव भडकले तेव्हा तर लोक उलट स्टोव्हकडे वळले. खेड्यापाड्यांत जिथे गॅसची पाइपलाइनच नाही तिथे म्हाताऱ्या माणसांना तीच ऊब आहे.

स्वच्छश्वास
खेड्यातल्या म्हाताऱ्यांबद्दल मी बोलतच नाहीये. शहरात मध्यवर्ती हीटिंग असताना शोभेसाठी जाळणाऱ्यांबद्दल बोलतेय. आणि ओलावा मोजून दिला तरी धूर शून्य होत नाही. पण तुम्ही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता हे आवडलं. सगळे स्वीप सांगत असते तर बरं झालं असतं.

हिशोबनीस
पैशांचं बोलू. माझी दोन स्वीप गिऱ्हाइकं आहेत, त्यांची वहीखातं मी बघतो. त्यांचे आकडे सांगणार नाही, गणित सांगतो.

एका चिमणीचे ७० पाउंड धरा. भागानुसार थोडं कमीजास्त होतं. दिवसाला सहा घरं, आठवड्याला पाच दिवस: २,१०० पाउंड. हा आकडा बघून लगेच हुरळून जाऊ नका. हा सप्टेंबर ते नाताळचा भाव आहे. मार्चनंतर फोन वाजणं कमी होतं. म्हणजे वर्षाचं पोट चार महिन्यांत भरायचं. यातून व्हॅन, डिझेल, सार्वजनिक दायित्व विमा, साधनं, संघटनेची वर्गणी, कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची सक्तीची वर्गणी) जातं. पगारी सुट्टी नाही. नोव्हेंबरमध्ये पाठ धरली तर वर्ष गेलं. दायित्व विम्याशिवाय एकाही घरात पाय ठेवू नका, क्रीम रंगाचा एक गालिचा महिन्याची कमाई खातो.

दोन गोष्टी मी माझ्या लोकांना बजावतो. एक, निघताना पुढच्या वर्षीची तारीख तिथेच लिहून घ्या. फक्त लाकूड जाळणाऱ्यांना वापराच्या हंगामात दर तीन महिन्यांनी आणि धूरविरहित इंधनवाल्यांना वर्षातून किमान एकदा सफाई करावी असा या धंद्यातला सल्ला असतो, त्यामुळे तीच घरं परत येतात. गिऱ्हाइकांची यादी हीच खरी मिळकत, ती पुढे विकताही येते. दोन, उन्हाळ्यात सूट देऊन घरमालकांची आणि भाड्याने देणाऱ्यांची कामं ओढा. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात, गॅसचा कुकर वगळता, जळणाचं कुठलंही बसवलेलं उपकरण असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतो. घरमालक त्या निमित्ताने चिमणीही बघून घेतात.

पहिली दोन वर्षं दुसरं काहीतरी जोडीला असलेलं बरं.

सौ_वाऱ्यावर
माझे मिस्टर हवाई दलातून बाहेर पडून स्वतःचा व्यवसाय करतात (हा नाही, दुसरा). एक गोष्ट कोणी सांगत नाही ती मी सांगते. पैसे, काम सगळं जमलं. पण दुपारी एक वाजता व्हॅनमध्ये एकट्याने डबा खायचा, हे त्यांना फार जड गेलं. वीस माणसांच्या गोंगाटात जेवायची सवय. पहिल्या हिवाळ्यात घरी आले की बोलायचेच नाहीत. मला वाटायचं दमलेत. दमले नव्हते, एकटे पडले होते. आता आठवड्यातून एकदा जुने सोबती भेटतात, त्यावर कसलीच तडजोड नाही. वहिनींना सांगा, हे आधीच ठरवून ठेवा.

धूमकेतू
वहिनी, शंभर टक्के. मला गिऱ्हाइकांनी तारलं. एकटी राहणारी आजी असते, स्वीप येणार म्हणून सकाळपासून केक करून ठेवते. तिच्याकडे वीस मिनिटं जास्त बसतो. हिशोबनीस रागावतील, पण ती वीस मिनिटं मी कापत नाही.

म्युनिकर
इथे जर्मनीत चित्र वेगळं आहे. काळा कोट, सोनेरी बटणं, डोक्यावर उंच टोपी, लोक शुभ म्हणून बटणाला हात लावतात. पण त्यासाठी तीन वर्षांची उमेदवारी, मग परीक्षा, पुढे मास्टर व्हायचं तर आणखी शिक्षण. २०१२ च्या अखेरपर्यंत प्रत्येक विभागाचा एकच ठरलेला स्वीप असायचा, घरमालकाला दुसरा बोलावताच येत नसे. आता नेहमीची सफाई कोणाकडूनही करून घेता येते, पण सरकारने नेमलेला विभागीय स्वीप अजूनही येऊन सगळं तपासतो, आणि त्याला दार उघडावंच लागतं. ब्रिटनमध्ये काय नियम?

धूमकेतू
ब्रिटनमध्ये नियमच नाही, हीच अडचण. उद्या सकाळी कोणीही ब्रश विकत घेऊन स्वीप म्हणवू शकतो. मेधाताईंनी सांगितलेला परवाना विसाव्या शतकातच बंद झाला. म्हणून संघटनेचं सदस्यत्व आणि प्रशिक्षण याला किंमत आहे. नॅशनल असोसिएशन ऑफ चिमनी स्वीप्स आहे, गिल्ड ऑफ मास्टर चिमनी स्वीप्स आहे, आणि स्टोव्ह बसवण्याच्या कामासाठी हेटास ही नोंदणी संस्था. लोक सदस्यांच्या यादीतून नंबर काढतात.

पावशेर
थोडं विषयांतर. आमच्या चिमणीत जॅकडॉ नावाच्या कावळ्याच्या भाऊबंदाने घरटं केलंय. मे महिना आहे. काढता येईल का?

धूमकेतू
पावशेर, हात लावू नका! अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शेकोटी पेटवू नका, पिल्लं उडून जाऊ द्या, शरद ऋतूत स्वीपला बोलवा. आणि काढल्यावर वर जाळी बसवून घ्या, नाहीतर तीच जोडी पुढच्या वर्षी परत. जॅकडॉ वरून काटक्या टाकत राहतात, एखादी अडकेपर्यंत, मग त्यावर रचतात. एका चिमणीतून मी पोत्यांवर पोती काटक्या काढल्या आहेत. त्यात मेंढीची लोकर, चॉकलेटचे कागद आणि एक बाहुलीचा हात. खंदकभाऊ, हे काम ब्रशने होत नाही, खालून एकेक काटकी आकड्याने ओढावी लागते. खांदे बोलतात दुसऱ्या दिवशी.

पावशेर
बरं झालं विचारलं. सासरे काठी घेऊन तयार होते.

जुना_क्वार्टरमास्टर
आर्मीच्या पैशांवर कोणीच बोललं नाही. मी हा सगळा कागदपत्रांचा चक्रव्यूह पार केला आहे.

खंदक, करिअर ट्रान्झिशन पार्टनरशिपकडे, म्हणजे सुटणाऱ्या सैनिकांना नागरी कामाला लावणाऱ्या योजनेकडे, नाव नोंदवलं नसेल तर आजच नोंदव. सहा वर्षांपेक्षा जास्त सेवा झालेल्यांना बाहेर पडायच्या दोन वर्षं आधीपासून आणि नंतर दोन वर्षंपर्यंत मदत मिळते. बारा वर्षांच्या सेवेला पुनर्वसनासाठी कामाचे तीस दिवस मिळतात. ते सुट्टी म्हणून घरी झोपून घालवू नकोस. माझ्या वेळी प्रशिक्षणासाठी ५३४ पाउंडांचं अनुदान होतं, ते लहान कोर्सला वापरता येतं. मोठी रक्कम म्हणजे एन्हान्स्ड लर्निंग क्रेडिट्स, सैनिकांच्या शिक्षणाची मदत योजना. त्यात फीचा ८० टक्के भाग मिळतो, पण कोर्स लेव्हल ३ (साधारण बारावीच्या तोडीची पातळी) किंवा त्यावरचा लागतो आणि संस्था मान्यताप्राप्त यादीत असावी लागते. स्वीपचे बरेच कोर्स काही दिवसांचे असतात आणि त्या लेव्हलचे नसतात. पैसे भरायच्या आधी कोर्सचा कोड यादीत आहे का बघ. अर्ज कोर्स सुरू व्हायच्या बराच आधी गेला पाहिजे, कामाचे २५ दिवस धरून चाल. नंतर पाठवलेला अर्ज सरळ परत येतो.

आणि बारा वर्षांवर लगेच पेन्शन सुरू होणार नाही. सैन्याच्या २०१५ च्या पेन्शन योजनेत बारा वर्षांना एकरकमी पुनर्वसन रक्कम आहे, दरमहाचं काही हवं तर वीस वर्षं सेवा आणि चाळीस वय लागतं. ही एकरकमी साधनांत आणि व्हॅनमध्ये पूर्ण ओतू नकोस. पहिला उन्हाळा त्यावर काढायचा आहे.

टोपीकर
क्वार्टरमास्टर, उत्तम माहिती. खंदक, मुलीचं लिहिलंत ते वाचल्यावर माझा आधीचा सल्ला एवढा ठाम राहिला नाही. एक सुचवतो: स्वतःचं काढण्याआधी एखाद्या मोठ्या स्वीप कंपनीत एक हंगाम नोकरी करा. २०२१ पासून माजी सैनिकाला त्याच्या पहिल्या नागरी नोकरीत घेणाऱ्या मालकाला पहिलं वर्ष नॅशनल इन्शुरन्समध्ये सवलत मिळते. मुलाखतीत हे स्वतःहून सांगा, बऱ्याच छोट्या मालकांना माहीत नसतं.

खंदक
टोपीकर, हे खरंच माहीत नव्हतं. दोन कंपन्यांना आजच लिहितो.

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते सांगतो. पुनर्वसनाचे तीस दिवस ऑक्टोबरमध्ये घेणार, ऐन हंगामात, म्हणजे कामाचा खरा भार कळेल. तोवर आरोग्याची पूर्ण तपासणी, फुप्फुसांची सुद्धा, म्हणजे पुढे तुलना करायला आकडे असतील. कोर्सचा कोड यादीत नसेल तर छोटं अनुदान आणि उरलेलं खिशातून. बायकोने सौ. वाऱ्यावर यांचा प्रतिसाद दोनदा वाचला, गुरुवार संध्याकाळ जुन्या सोबत्यांसाठी राखून ठेवली आहे. बाबांना मेधाताईंची पोस्ट वाचून दाखवली. जॉर्ज ब्रूस्टरपाशी आल्यावर ते म्हणाले, "थांब, परत वाच." अजून हो म्हणाले नाहीत, पण व्हॅनवर नाव मराठीत लिहिणार का असं विचारलं.

स्वच्छश्वास, ओलावा मोजायचं यंत्र मी पहिल्या दिवसापासून ठेवणार.

स्वच्छश्वास
ठेवा. आणि आकडा पस्तीस निघाला तर सर्टिफिकेटवर लिहा, नुसतं तोंडी सांगू नका.

धूमकेतू
ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे आठवडाभर ये. व्यक्तिगत निरोप पाठवतो. मास्क तुझा तू आण, चाचणी करून. व्हॅन आत्ता घेऊ नको.

खंदक
येतो दादा! एक शेवटचं. गॅसच्या शेकोट्यांच्या चिमण्याही असतात ना? त्या पण करायच्या का?

धूमकेतू
चिमणी झाडू शकतोस, पण गॅसच्या उपकरणाला हात लावायचा, ते काढायचं किंवा परत जोडायचं, तर गॅस सेफ, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत, नोंदणी लागते. त्याशिवाय ते बेकायदा आहे. गिऱ्हाईक म्हणेल, "दोनच स्क्रू आहेत, मीच काढून देतो." तरी नाही म्हणायचं, आणि जवळच्या नोंदणीवाल्याचा नंबर द्यायचा. माझ्याकडे दोघांचे आहेत, आलास की तुलाही देतो.